नापास करा मला

"नापास करा मला," गोजरबाई म्हणाली आणि तिने पेपर साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

शाळेच्या व्हरांड्यातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. साक्षरता मोहिमेचे साहेब सकाळीच जीप घेऊन आले होते. एकेक बाई येत होती, स्वतःचं नाव लिहीत होती आणि पास होऊन मागे जाऊन बसत होती. मग बाकीचा पेपर? तो सत्यशीला भरत होती, कारण साहेबांनी तिला तसंच सांगितलं होतं. सत्यशीला गावातलीच दहावी झालेली मुलगी. वर्षभर ती दुपारच्या वेळी शाळेमागच्या कडुलिंबाखाली बायकांना फुकट शिकवत होती. त्रेसष्ट बायका पास झाल्या होत्या. चौसष्टावी गोजरबाई, धनगराची, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. आणि नेमकी हीच आडवी आली!

साहेब हसले. "मावशी, लोक पास करा म्हणून पाया पडतात."

"पडू द्या. मला येत न्हाई तर न्हाई."

"सही येते ना तुम्हाला?"

"येती की. पर सही आली म्हंजी वाचता आलं व्हय?"

तिने पिशवीतून एक रिकामी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "ह्याच्यावर काय लिवलंय ते मला वाचता आलं, की करा पास."

ती बाटली सगळ्या गावाला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी गोजरबाईने जवळच्या गोरेगावच्या बाजारातून मेंढरांची दोन औषधं आणली होती. एक जंतांचं, पाजायचं. दुसरं गोचिडांचं, पाण्यात कालवून अंगाला लावायचं. दुकानदाराने नीट सांगितलं होतं, हिनेही नीट ऐकलं होतं. पण घरी येईतो एकसारख्या दोन बाटल्या पिशवीत खालीवर झाल्या. लावायचं ते तिने पाजलं. दुपार कलायच्या आत नऊ मेंढ्या तोंडाला फेस येऊन आडव्या झाल्या. नवरा भिवाजी रागवायचं सोडून एकटाच खड्डे खणायला लागला, आणि तेच तिला जास्त लागलं. सत्यशीलाने मग ती बाटली वाचून दाखवली. 'विषारी. फक्त बाहेरून लावण्यासाठी.' चांगलं ठसठशीत मराठीत छापलेलं होतं! त्या दिवसापासून गोजरबाईने ती बाटली फेकली नव्हती. वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या रांगेत हीच येऊन बसली होती.

आणि वर्गात शिकवलं काय, तर सही. मोहिमेची पुस्तकं तीन, पण गावात आलं फक्त पहिलं. दुसरं येणार, येणार म्हणता म्हणता परीक्षाच येऊन थडकली.

सरपंच संपतराव खुर्ची सोडून उठले. "गोजरबाई, आडमुठेपणा करू नका. गाव शंभर टक्के साक्षर होऊन राहिलं. बोर्ड लागंल, मोठे पाहुणे येतील. तुमचं काय जातंय त्यात?"

"माझा वर्ग जातोय. समदे पास झाले की पोरगी शिकवंल कोणाला?"

"सही आली, बस झालं की. तुमाला काय कलेक्टर व्हायचंय?"

आता मात्र बाई भडकली. "आन् तुमचा बालाजी काहून ठिवला हिंगोलीला? इंग्रजी शाळा, वर शिकवणी. त्याला बी निस्ती सही शिकवा की, बस हाय! तुमच्या लेकराला समदी पुस्तकं, आन् आमाला एकच?"

मागे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. संपतराव लालबुंद झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून दोन गावं उरकायची होती, आणि वर आकडा कळवायचा होता. त्यांनी सत्यशीलाचं रजिस्टर ओढून घेतलं, लाल पेनाने त्यात काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "झालं. मावशींना त्रास देऊ नका. गाव शंभर टक्के."

कसं काय झालं, हे गोजरबाईला समजेना. ती पास नाही, नापासही नाही, आणि गाव मात्र शंभर टक्के! पंधरा दिवसांत जीप थांब्याजवळ पांढराशुभ्र बोर्ड लागला. संपतरावांना हार पडले. आणि फळा, खडूंचा खोका, सतरंजी असं सगळं सामान मोहिमेच्या लोकांनी टेम्पोत घालून नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाई सत्यशीलाच्या दारात हजर.

"मामी, वर्ग बंद झाला," सत्यशीला म्हणाली.

"फळा नेला त्यांनी. तुला नेलं का?"

सत्यशीला घुटमळली. तिचा अंगणवाडीचा अर्ज सरपंचांच्या शिफारशीवर अडला होता. "संपतराव नाराज होतील, मामी."

"हुतील. तू मला मेंढरामागं येऊन शिकीव. म्हसोबाच्या माळावर कोण येतंय बघाया?"

पोरगी गेली. माळावर मेंढरं चरायची आणि या दोघी काडीने मातीत अक्षरं गिरवायच्या. जोडाक्षरांपाशी गोजरबाई रडकुंडीला यायची. "ह्या मेल्यांना एकमेकाच्या मानगुटीवर बसायची काय गरज?" म्हणून वैतागायची, आणि पुन्हा काडी उचलायची. दिवाळीनंतर कळप लांब चारायला गेला, तेव्हा पहिलीचं फाटकं पुस्तक तिच्या गाठोड्यात होतं. असे दोन हिवाळे गेले. अंगणवाडीची जागा दुसरीलाच मिळाली. सत्यशीला एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी माळावर आली.

हिंगोली जिल्हा झाला त्या उन्हाळ्यात गोजरबाईने ती बाटली हातात धरली आणि अडखळत, घाम पुसत शेवटपर्यंत वाचली. "बाहे...रून लाव...ण्या...साठी." मग बराच वेळ ती मेंढरांकडे बघत बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

"आता काय वाचू?" तिने विचारलं.

सत्यशीलाकडे त्या दिवशी दुसरं काही नव्हतं, पिशवीत तेवढं वर्गाचं जुनं रजिस्टर होतं. गोजरबाईने ते हावरटासारखं ओढून घेतलं. रूपाबाई, मंजुळाबाई, सत्यभामाबाई... एकेक नाव सापडलं की ती लहान मुलीसारखी हसायची. प्रत्येकीपुढे लिहिलं होतं, 'पास'. मग तिचं स्वतःचं नाव आलं. पुढे लाल अक्षरं होती.

"मामी, ऱ्हाऊ द्या ते," सत्यशीला घाईने म्हणाली.

पण बाई कसली ऐकते! तिने बोट ठेवलं. "स्थ...लां...त...रित. म्हंजी काय गं?"

सत्यशीलाने मान खाली घातली. "गाव सोडून गेलेली. तुमी आता हितं ऱ्हात न्हाई, आसं."

गोजरबाईने रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "आमचं एक मेंढरू कमी भरलं तर आमी समदं रान धुंडाळतो. ह्यांनी एक माणूस कमी केलं, मोजणी बराबर आली, आन् हार घालून घेतले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोकरांच्या पाठीवर खुणेचे लाल पट्टे ओढत होती. काम अर्धवट टाकून ती गेरूचा डबा घेऊन निघाली. 'शंभर टक्के साक्षर गाव' या बोर्डापाशी थांबली. सेनगावला जाणारी जीप भरत होती, त्यातली माणसं माना बाहेर काढून बघू लागली. गोजरबाईने बोट गेरूत बुडवलं आणि पांढऱ्या बोर्डावर खालच्या बाजूला एकेक अक्षर काढलं.

'मी हितंच हाय. गोजरबाई.'

संपतराव धावत आले. वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जीपमध्ये कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. "पुसा ते! आधी पुसा!" संपतराव ओरडले.

"पुसा की," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "मला आता पुन्हा लिवता येतंय."

तिने लुगड्याला बोट पुसलं आणि ती मेंढरांकडे चालू लागली. गेरूचा डबा तिने बोर्डाखालीच ठेवला होता.