बियाण्याच्या लोंब्या

"शून्य," डॉक्टर म्हणाले. माझा भाऊ प्रफुल रिपोर्टकडे बघतच राहिला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मानेत गाठ निघाली, तेव्हा केमोसाठी आम्ही नागपूरच्या याच दवाखान्यात आलो होतो. गाठ गेली, केस परत आले, ऊर्जानगरच्या वीज केंद्रातलं कंत्राटी कामही परत मिळालं. आता हर्षाशी लग्न ठरलंय. मूल होईल की नाही ते आधीच तपासून घेतो, असं तो स्वतःच म्हणाला होता.

"पण नमुना साठवला असेल ना?" डॉक्टरांनी जुनी फाईल उलटली. "पहिल्या केमोआधी शुक्राणू गोठवून ठेवा, अशी चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली होती. इथं लिहिलंय."

आम्ही दोघं हे आज पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दिवशी प्रफुल रक्त द्यायला खाली गेला होता. डॉक्टरांनी हा विषय काढताच बाबांनी मला "पुनम, तू बाहेर बस" म्हटलं आणि मी मुकाट उठले. त्या मुकाटपणाबद्दल मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"पेशंट कोण होता, डॉक्टर?" मी विचारलं. "सव्वीस वर्षांच्या माणसाला सोडून त्याच्या बापाला सांगून मोकळे झालात?" ते फाईल चाळत राहिले.

"मी गोळ्या घेत होतो न," प्रफुल हळूच म्हणाला. "अँटिऑक्सिडंटच्या. बापूरावकाका म्हणत, केमोपासून सगळं वाचते."

"उंदरांवरच्या काही प्रयोगांत थोडं संरक्षण दिसलंय. माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबता येत नाही. आणि केमो चालू असताना आम्हाला न विचारता घ्यायच्याही नसतात."

सिंदेवाहीपर्यंतच्या बसमध्ये माझं डोकं फिरलं होतं. बापूराव म्हणजे गावातला सर्वज्ञ. कंपनीचे डबे घरोघर विकतो आणि साप चावण्यापासून साखरेपर्यंत सगळ्यावर त्याच्याकडे गोळी असते. त्याच्या डब्यापुढे शिकलेल्या डॉक्टरची चिठ्ठी हरली.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. धान कापणीला आलंय. दरवर्षीप्रमाणे कापणीआधी शेताच्या बांध्यांतून हिंडून त्यांनी भरदार लोंब्या हातानं खुडून आणल्या होत्या आणि त्यांच्या जुड्या बांधत होते. त्या बियाण्याच्या लोंब्यांना घरात कोणी हात लावत नाही. आईसुद्धा नाही.

"चिठ्ठी कुठी हाय, बाबा?" मी चप्पलही न काढता विचारलं.

कोणती चिठ्ठी, हे त्यांनी विचारलं नाही. "बापानं पोराले असं सांगाव का? नमुना दे म्हनून? कोन्या तोंडानं सांगू? त्याचं लगन बी नोतं झालं. बापूराव म्हने, गोळ्या हायेत, कायले लाज काढता."

"लाज! तुमची लाज राह्यली, अन् त्याचं सगळं गेलं!" मी एवढी ओरडले की आई चुलीपुढून उठून आली. बाबा मान खाली घालून जुडी बांधत राहिले. त्या हातांचाच मला संताप आला. मी त्यांच्यासमोर बसले.

"एक सांगा. धान कापाच्या आधीच बियाणं काऊन वेगळं काढता?"

"काऊन म्हंजे?" हे कोणी विचारायचं असतं का, अशा सुरात ते म्हणाले. "मंग रोग पडला, पानी आलं, सारं गेलं, त पुढच्या साली..."

दोरा त्यांच्या बोटांतच राहिला. जुडी सुटून लोंब्या मांडीवर पसरल्या.

प्रफुल दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मले विचाराचं होतं न, बाबा," तो म्हणाला. मग खिशातून फोन काढला आणि हर्षाला सांगायला अंगणात गेला.