भगर वाढली

मी भगर बोलतेय. वरी म्हणा, वरईचे तांदूळ म्हणा, नावासाठी मी कधी अडून बसले नाही. माझा राग वेगळाच आहे. उपवास आला की घरोघरी माझी आठवण होते आणि दुसऱ्या दिवशी मला ओळखही दाखवत नाहीत. गरज सरो, वैद्य मरो, असा सगळा कारभार.

माझा जन्म डोंगराच्या उतारावरचा. मुरमाड जमीन, पाणी मिळालं तर मिळालं. गिरणीत सालं निघाली, पाकिटात भरले गेले आणि मोशीतल्या एका वाणसामानाच्या दुकानातून इंदुताईंच्या घरी आले. इंदुताईंनी मला एका स्टीलच्या डब्यात ओतलं. शेजारी अगदी तसाच दुसरा डबा होता, त्यात तांदूळ. दोन्ही डबे त्यांच्या लग्नातले.

तुम्ही म्हणाल, भगर ती, शिजली आणि संपली, तिला कसलं आलंय आयुष्य? पण इंदुताईंच्या घरात डबा कधी पुसून रिकामा करत नाहीत. तळाशी मूठभर ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं, म्हणजे अन्नपूर्णा घर सोडत नाही. ती तळाची मूठ म्हणजे मी. शिवाय धान्य 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. ताटात पडतं तेही वाढलेलं आणि डब्यातून सरतं तेही वाढलेलं. माणसांनी एकाच शब्दात भूक आणि जेवण दोन्ही कोंबलंय, आणि त्याचा वापर कसा होतो ते मी या डब्यातून ऐकलंय.

इंदुताईंचं माहेर मावळातलं, भाताच्या खाचरांतलं. त्यांचा भाचा दर दिवाळीला इंद्रायणी तांदळाचं पोतं पाठवायचा, अजूनही पाठवतो. मुलगा गणराज चाकणला कंपनीत. त्याची बायको वर्षाली नवी नवी घरात आली, तेव्हा राज्य इंदुताईंचं होतं. वर्षालीला पाचवा महिना होता आणि तिला गरम भाताचे डोहाळे लागले होते. मऊ भात, वर तूप, बाकी काही नको. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सासूला म्हणाली, "आत्या, आज थोडा भात लावू का?"

"तांदूळ वाढल्यात," इंदुताई म्हणाल्या. "आज सोमवार हाय. भगर खा, उपास बी घडंल."

पोतं तेव्हा तोंडापर्यंत भरलेलं होतं. वर्षालीने मला शिजवलं आणि मुकाट खाल्लं. त्या दिवसांत सोमवार फार वरचेवर यायचा. पोरगी माझ्या ताटाकडे अशी बघायची की मला स्वतःची लाज वाटावी. पण मी भगर, मी काय करणार?

आयुष झाला, शाळेत जायला लागला. इंदुताईंना शुगर निघाली. डोळ्यांवर पडदा आला, बोटं बधिर झाली आणि स्वयंपाकघराची सत्ता आपोआप वर्षालीच्या हातात गेली. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे काही खोटं नाही.

माझे दिवस मात्र पालटले. वर्षाली मोबाइलवर बघायची, त्यात बायका माझं कौतुक करायच्या. भातासारखी भराभर साखर चढवत नाही, पोट साफ ठेवते, पचायला हलकी. मी डब्यात फुगून बसले. वर्षालीचा हातही चांगला. मला मंद आचेवर परतायची, जिरं-मिरचीची फोडणी द्यायची, जोडीला शेंगदाण्याची आमटी. कधी माझं पीठ काढून थालीपीठ, कधी ताक घालून आंबील. पहिल्या दिवशी इंदुताईंनी मिटक्या मारत खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच, संध्याकाळी मीच. आठवडा झाला आणि त्या म्हणाल्या, "वर्षे, आज वाईच भात वाढ गं."

"तांदूळ वाढलेत, आत्या," वर्षाली म्हणाली.

कुकरमधून इंद्रायणीचा वास साऱ्या घरात पसरला होता. इंदुताईंनी नाक वर केलं, वास घेतला आणि भगरीचं ताट पुढ्यात ओढलं. त्यांना त्यांचेच शब्द परत मिळाले होते. गणराज शिफ्टवरून आला, त्याने विचारलं, "आई, जेवलीस?" त्या म्हणाल्या, "जेवले." त्यापुढे त्यांनी मुलाला कधीच काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

मग त्या वाळायला लागल्या. वर्षाली त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर ती स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती, ते मी ऐकलं. "डॉक्टर म्हणतात, वाटीभर भात द्या, सोबत भाजी-डाळ असली की चालतो. जेवणावरून मन उडेल असं नका करू म्हणे. मी कशाला सांगतेय? त्या बाहेर बाकड्यावर होत्या." आणि ती हसली. हसण्यात मजा नव्हती, हिशेब होता. बाहेर येऊन तिने सासूला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, भगरच बरी."

माझं नाव असं खोट्याला जोडलेलं मला आवडलं नाही. औषध म्हणून मला खा, आवडीनं खा, पण मला काठी करून कुणाच्या पाठीत घालू नका.

आज सकाळी वर्षालीने डबा हलवून बघितला. "भगर वाढलीय, घेऊन येते," असं म्हणत तिने पिशवी उचलली आणि बाहेर पडली. इंदुताई पलंगावर होत्या. भगर वाढली, एवढंच त्यांनी ऐकलं. त्या भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आल्या, हाताला लागला तो डबा उघडला आणि आत बोटं घातली. मूठभर दाणे होते. भगर तर सरली, मग हे तांदूळच! तळाशी मूठ ठेवायची शिकवण त्यांनीच सुनेला दिली होती, तीच त्या विसरल्या. बधिर बोटांना दाणा कळला नाही. खऱ्या तांदळाचा डबा वीतभर अंतरावर होता.

त्यांनी मला तीन पाण्यांत धुतलं, माहेरच्या पद्धतीने सढळ पाणी घालून मऊ शिजवलं, वर चमचाभर तूप सोडलं. मांडी घालून खाली बसल्या, ताटाला हात जोडले. इतक्या मायेने मला कुणी कधी रांधलं नव्हतं. त्या क्षणी मला तांदूळ व्हावंसं वाटलं. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचं चावणं थांबलं.

तेवढ्यात वर्षाली आली. तिने ताट पाहिलं, उघडा डबा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. "कसा झालाय भात, आत्या?"

"तुला ठाव हाय कसा झालाय ती." इंदुताईंनी घास गिळला. "वर्षे, तुझ्या डोहाळ्यात म्या खोटं बोलले व्हते. पोतं भरल्यालं व्हतं."

"मला तेव्हाच माहीत होतं."

"मंग आज एक घास दे की गं."

वर्षालीचा हात शेजारच्या डब्याच्या झाकणावर गेला. तिने वाटीभर तांदूळ काढले, धुतले, कुकर लावला. इंदुताई शिट्ट्यांकडे कान लावून बसल्या, माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कुकर उघडला. वाफ पार त्यांच्या चेहऱ्यापर्यंत आली. त्यांनी ताटातली भगर एका कडेला सारून जागा केली.

"वाढ," त्या म्हणाल्या.

वर्षालीने स्वतःचं ताट घेतलं, त्यात भात घेतला, तूप घेतलं आणि त्यांच्या समोर बसली.

"वाढला, आत्या," ती म्हणाली आणि जेवू लागली.

आता त्यांच्या ताटाच्या कडेला मी थंड होत पडलेय. डब्यात आज पहिल्यांदाच काही उरलेलं नाही. मी पचायला हलकी म्हणून साऱ्या गावात माझं नाव आहे. इंदुताईंनी माझा दुसरा घास उचलून तोंडात घातलाय, आणि तो काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरत नाही.