एवारिस्तोचा काळा थाळा

मी एक जुना लोखंडी थाळा आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. आधी माझा अनुभव ऐका, मग मला खडूस म्हणा.

बुएनोस आयर्सच्या बोएदो वस्तीत एवारिस्तोच्या दुकानात माझ्यात जाड पिझ्झा भाजतात. लोहारानं ठोकून मला गोल केलं तेव्हा मी चकचकीत होतो. तेल आणि भट्टीची धग खाऊन चाळीस वर्षांत काळा झालो. मला साबण लावायचा नाही, नुसतं फडक्यानं पुसायचं, हा दुकानाचा कायदा. त्या काळ्या थरामुळे पिझ्झा कधी बुडाला चिकटला नाही. गिऱ्हाइकं ओट्यापाशी उभ्यानंच खायची. तुकड्यावर फाइना, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली पोळी, ठेवायची आणि म्हणायची, "वस्ताद, हात आहे की जादू!"

एके सकाळी जाहिरातवाले आले. त्यांची बाई, हिमेना, फारच गोड बोलत होती. "काय अस्सल जागा आहे!" असं ती तीनदा म्हणाली, पण एक तुकडा तोंडात घालेल तर शपथ. मी मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

जाहिरात पाकिटातल्या चीजची होती. एवारिस्तोनं ते चीज जन्मात वापरलं नव्हतं. तरी त्यानं दोनदा दाढी केली होती आणि टीव्हीवर दिसणार म्हणून अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मला त्याचाही संशय येऊ लागला.

त्यांनी आधी मला साबणानं घासलं! थाळा पडद्यावर मळका दिसतो म्हणे. अंगाची साल सोलल्यासारखं झालं. मग चीजमध्ये पांढरा डिंक मिसळला, म्हणजे तार हातभर लांब ताणली जाते. एक देखणा नट प्रत्येक वेळी घास चावायचा आणि बादलीत थुंकायचा. एवारिस्तो बघत राहिला. त्याच्या दुकानात अन्न थुंकलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी हिमेना म्हणाली, "वस्ताद, आता एवढंच बोला: 'चाळीस वर्षं मी हेच चीज वापरतोय.'"

एवारिस्तोनं बादलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा सगळ्यांना हाकलणार.

"बोल की रे!" त्याची बायको नेलिदा ओट्यामागून म्हणाली. "की आता लाज वाटायला लागली?"

"वाटतेय," तो पुटपुटला. आणि मग बोलला. तीनदा बोलला, हसून.

जाहिरात लागली त्या रविवारी दुकान गच्च भरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रुफिनो मात्र वाजवेना. तीस वर्षं तो रोज दुपारी यायचा. त्यानं हातातला तुकडा ताणून पाहिला, नाकाला लावला, खाली ठेवला.

"वस्ताद, खरं सांग, हे तेच पाकिटातलं?"

"आईशप्पथ नाही! तू मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो रे. म्हणून तर तू टीव्हीवर बोललास ते खरं मानलं."

त्यात साबणानं घासल्यापासून माझ्यातला प्रत्येक पिझ्झा बुडाला चिकटत होता. मग काय, बाकीची गिऱ्हाइकंही तुकडा उलटून बघू लागली. एवारिस्तो उलथन्यानं खरवडायचा आणि स्वतःवरच चरफडायचा. मला त्याचा राग आला होता, पण कीवही तेवढीच यायची.

आता तो रोज दुपारी रुफिनोसमोर उभा राहून पहिला तुकडा स्वतः खातो. चावतो, गिळतो, रिकामं तोंड उघडून दाखवतो. सत्तरीतला माणूस, लहान पोरासारखा.

मित्रांनो, भांडी जपा, असं मी सांगणारच होतो. पण माझं काय, तेल लावून भाजत राहिलं तर वर्षभरात मी पुन्हा काळा होईन. आपलं तोंड दुसऱ्याला वापरायला देताना मात्र दहादा विचार करा. एवारिस्तो रोज तोंड उघडून दाखवतो, रुफिनो मान हलवतो, आणि तरीही खाण्याआधी तुकडा नाकाला लावतो.