वेणीवरचा मासा

बाबांनी सकाळीच बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला. दोनदा वाकडा गेला, तिसऱ्यांदा बसला.

"आता चित्र आणल्याशिवाय परत येऊ नका," ते म्हणाले. "नाहीतर इथे माझी टोपी टांगीन."

चित्र म्हणजे आईचं चित्र. आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिने मावशीला पाठमोरं बसवून तिची वेणी रंगवली होती, तीही ब्रशने नाही तर सुरीने, रंगाचे जाडजूड थर देऊन. मग नोकरी, लग्न, मी वगैरे संकटं आली आणि चित्र कॉलेजातच राहिलं. त्यानंतर तिने माझे शाळेचे तक्ते सोडून काहीही रंगवलं नाही. गेल्या आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं की वार्षिक कलामेळ्यानंतर गोदाम रिकामं करणार आहोत, माजी विद्यार्थ्यांनी आपापली चित्रं न्यावीत. आईने ते दोन दिवस पर्समध्ये घालून फिरवलं. मग म्हणाली, "जाऊन बघते. चांगलं असलं तर पुन्हा सुरू करीन. नसलं तर विषय संपला."

कॉलेजच्या फाटकातून आत शिरताच आई वीस वर्षांनी लहान झाली. भराभरा चालायला लागली. अंगणात कुणी चाकावर माती चढवत होतं, दोरीला चिमट्यांनी ओली छापचित्रं टांगली होती. मी सगळ्यांशी बोलून घेतलं. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुणालाच घाबरत नाही.

गोदामात किल्ल्यांचा जुडगा घेतलेले काका बसले होते. आम्ही एकेक कॅनव्हास बाहेर काढला. धुळीने माझे केस पांढरे झाले. वेणी कुठेच नव्हती.

"जे काय आहे ते एवढंच, बाई," काका म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली. तक्त्यावर शाई सांडली की करते तसाच चेहरा करून.

"राहू दे काय! शोधू की!" मी तिला ओढतच चित्रांच्या दालनात नेलं.

तिथे एक मोठा मासा होता, नारिंगी पाण्यात निळा. आवडलाच मला. शेजारी स्टुलावर, केसांची एक बट माशासारखीच निळी केलेली ताई बसली होती. आता मला एक खोड आहे. कुठलीही वस्तू दिसली की मी ती उलटी करून मागून बघते. ताट, पडदा, शुभेच्छापत्र, काहीही. मी चौकट भिंतीपासून जराशी ओढली आणि मागे डोकावले.

मागच्या लाकडावर एकाखाली एक चार नावं होती. तिसरं आईचं, लग्नाआधीचं. माझ्या वह्यांवर ती नाव घालते तेच तिरकं अक्षर.

मी ते दोनदा वाचलं. आणि मग तोंड उघडलं.

"तुम्ही माझ्या मावशीवर मासा काढलाय!"

सगळं दालन वळून बघायला लागलं. ताई उभी राहिली. "अगं, मला गोदामातून दिलाय तो. सगळेच तसे घेतात..."

"दुसऱ्याची मेहनत पुसताना हात कसा धजला तुमचा? माझा पहिला मुद्दा असा, की..."

"गप्प बस," आई म्हणाली. ती मागचं लाकूड बघत होती. आपल्या नावावर नाही, वरच्या नावावर तिने बोट ठेवलं. "ह्याचा पूल होता. खाली एक होडी. वाईट नव्हता."

"मग त्याचं काय झालं?"

"मी त्यावर पांढरा हात मारला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "तू?"

"नवा कॅनव्हास परवडायचा कुणाला? जुना घ्यायचा, पांढरा करायचा. नियम एकच. मागचं नाव खोडायचं नाही, आपलं खाली लिहायचं."

"म्हणजे तुझंही कुणीतरी पुसणार, हे तुला माहीत होतं?"

आईने बोट एक ओळ खाली, स्वतःच्या नावावर आणलं. "मला वाटायचं, बाकीच्यांची पुसतील. माझं ठेवतील."

माझा दुसरा मुद्दा तयार होता, पण तो आता आईलाच लागू होत होता. स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं.

"पण ते पुसलं गेलंच नाही," ताई हळूच म्हणाली. "घासून घासून माझा खांदा भरून आला. थर निघेनात. म्हणून मग..." तिने चौकट उचलून खिडकीकडे तिरपी धरली.

उजेड आडवा पडला आणि माशाच्या खवल्यांखालून मावशीची वेणी वर आली. एकेक पेड. एक सुटलेली बटसुद्धा.

"मासा मी ठरवला नव्हता," ताई म्हणाली. "त्या पेडांवरूनच सुचला. तशी सुरी चालवून बघितली मी. नाही जमली."

आई त्या पेडांवरून बोट फिरवत राहिली.

"मनगट आवळतेस तू," शेवटी ती म्हणाली. "सैल सोड."

"न्या ना तुम्ही हे."

"मासा तुझाय, बाळा," म्हणत आई वळली ती थेट गोदामात. आणि काकांकडून एक जुना कॅनव्हास मागून घेतला. त्यावर खुंटीवर टांगलेला कोट, मागे खिडकी. लाकडावर दोन नावं.

घरी पोचताच तिने पांढरा रंग कालवला. मी हात पसरून कोटाच्या पुढे उभी राहिले. "आई, नाही! आत्ता तर बघितलंस ना, कसं वाटतं ते!"

"म्हणूनच आधी नीट बघून घे. मीही पूल बघितला होता."

मग आम्ही दोघी जमिनीवर बसून तो कोट बघत राहिलो. बाहीला एक बटण कमी होतं. ते मी दाखवल्यावर आईने ब्रश माझ्या हातात दिला. मी कधीच करणार नाही, असं म्हणायला तोंड उघडलं, तोवर माझ्याच हातून बाही पांढरी झाली होती.

बाबा आले. "हे चित्र? कोरं?" आणि खिळ्यावर टोपी टांगून मोकळे झाले.

आईने ती काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. "महिनाभर धीर धरा." मग कॅनव्हास उलटा करून, दोन नावांखाली तिने पेन्सिलने तिसरं लिहिलं आणि खाली थोडी जागा सोडली.