चिमटे लावलेला कोट

मी एक जुना कोट आहे. काळा, चकचकीत, कमरेपर्यंत आखूड, छातीवर तिरकी चेन. शिकलेली माणसं मला लेदर जॅकेट म्हणतात. माझ्यात लेदर औषधालाही नाही, पण म्हणणाऱ्यांची काही चूक नाही. लांबून बघणाऱ्याला तसंच वाटावं म्हणून तर मला शिवलं. मित्रांनो, मासिकाच्या मधल्या पानावर तुम्ही एखादा पॉपस्टार पाहिला असेल. केस वाऱ्यावर उडालेले, नजर कुठेतरी लांब, हातात गिटार. मासिक पालघर-बोईसरकडचं असेल, तर त्याच्या अंगावर बहुतेक मीच होतो.

माझा जन्म तारापूरच्या एमआयडीसीतला. रेक्झिनचा एक गुंडाळा रिक्षांच्या सीटसाठी निघाला होता. त्यातला शेवटचा तुकडा अण्णांनी मागून घेतला. अण्णा मूळचे शिरगावचे. घरी नारळ-चिकूची वाडी, भाऊ ती सांभाळतात, आणि ह्यांना फोटोचं वेड. बोईसरला नवापूर रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ आहे. सिनेमात दिसतो तसा कोट त्यांना हवा होता, म्हणून तुकडा घेऊन ते थेट सीट शिवणाऱ्या कारागिराकडे गेले. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "अण्णा, मुझे सीट का नाप आता है, आदमी का नहीं."

"कोणाचा पण अंगाला आला पायजे," अण्णा म्हणाले.

"तो फिर बड़ा बना देता हूँ. पीछे से चिमटा लगा लेना."

असा मी शिवला गेलो. पुढून झकास, आणि पाठीवर रिक्षाच्या सीटवर असते तशी चौकटी-चौकटीची जाड शिवण, कारण त्याच्या हाताला दुसरी शिवण ठाऊकच नव्हती. माझे सख्खे भाऊ अजून बोईसर स्टेशनबाहेर प्रवाशांची वाट बघत बसलेले असतात.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. पालघरहून 'किनारा' नावाचं मासिक निघतं. सलूनमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलवर ते पडलेलं असतं. हळदीला आणि लग्नाला गाणारे कलाकार त्यात जाहिरात देतात, आणि लग्नसराईची कामं त्यांना त्यावरून मिळतात. ह्या जाहिराती जुळवणारा माणूस म्हणजे शैलेश. तो कलाकाराला अण्णांकडे घेऊन यायचा आणि अण्णा मला त्याच्या अंगावर चढवायचे. पाठीमागे कपडे वाळत घालायचे सात-आठ चिमटे लावून मला घट्ट ओढायचे. कलाकार काडीसारखा असो की पोट सुटलेला, पुढून मला त्याच्यासाठीच शिवलंय असं वाटायचं. केस उडवायला जमिनीवर टेबलफॅन. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी. धुरासाठी अण्णांच्या देवघरातला धूप. गिटारला तारा नव्हत्या आणि माईकची वायर दाराशी जाऊन संपायची. बाकीचं काम संगणकावर व्हायचं. तिथे चेहरा उजळायचा आणि मागे उंच इमारतींचे दिवे लागायचे.

त्यावर शैलेश शब्द चढवायचा. सातपाटीच्या रूपेशला त्याने 'दर्याचा वाघ' केलं. रूपेशला बोटीत पाय ठेवला की ओकारी येते. चिंतूला 'बंडखोर' केलं. बंडखोराचा डबा आईने बांधून दिला होता, आणि उशीर होईल म्हणून तिचे दोन फोन येऊन गेले. पण पान छापून आलं की मीच थक्क व्हायचो. काय ते रूप, काय तो रुबाब. लोक म्हणायचे, कोट काय भारी आहे. मी फुगून जायचो, खोटं कशाला सांगू.

पण पाठीचं दुःख मनात होतंच. माझी अर्धी बाजू जगाने कधी पाहिलीच नव्हती. पुढे फॅशन बदलली. गायकांना टिकल्यांचे शर्ट हवेसे झाले आणि मी दरवाजामागच्या खिळ्यावर गेलो. माझ्यावर कॅमेऱ्याच्या स्टॅण्डची पिशवी, पिशवीवर छत्री. कोपरांवर रेक्झिनला भेगा पडल्या. पावसाळ्यात बुरशी धरली. आता आपला भाऊबंदांसारखा उपयोग झाला तरी चालेल, निदान कोणी बसेल तरी, असं मला वाटू लागलं.

अशात सपना आली. मनोरजवळच्या पाड्यावरची वारली मुलगी. एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या पॅक करायचं काम करता करता तिने मोबाइलवर काही गाणी टाकली होती, आणि ती गाणी वैतरणेपासून डहाणूपर्यंत प्रत्येक हळदीत वाजत होती. बोईसरच्या मैदानावर तिचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता. तिच्याबरोबर तिची ठकीमावशी होती. ठकीमावशी धवलेरी, म्हणजे लग्न लावताना विधीची गाणी म्हणणारी बाई. सपनाची आई लहानपणीच गेली. तिला वाढवलं मावशीने आणि गायला शिकवलं तेही मावशीनेच.

अण्णांनी मला झटकून, खोबरेल चोळून सपनाच्या अंगावर चढवलं. फोटोच्या वेळी मावशीचा हात सपनाच्या खांद्यावर होता.

"मावशी, जरा बाजूला होता का?" शैलेश म्हणाला.

"तिचा नाव तरी टाका," सपना म्हणाली. "मला तिनंच शिकवलाय. माजी तेवढी एकच मागणी हाय."

"बघू," शैलेश म्हणाला. त्याचं 'बघू' मला चांगलं ठाऊक होतं.

महिन्याने अंक आला आणि मावशी-भाची स्टुडिओत पान बघायला आल्या. फोटो देखणा होता. सपना तीन छटा उजळ झाली होती आणि तिच्या खांद्यावरचा हात पुसला गेला होता. खाली मोठ्या अक्षरांत होतं : 'गुरू नाही. घराणं नाही. आवाज जन्मजात.'

"माजा नाव कुटं हाय?" मावशीने विचारलं.

सपनाने ओळ वाचून दाखवली. मावशीने फोटोतल्या रिकाम्या खांद्यावर बोट टेकवलं. "बरा झाला," ती म्हणाली. "जलमताच गात होतीस, मंग माजा काय काम? कार्यक्रमाला तू एकटीच जा, बाय."

ती निघून गेली. सपना शैलेशवर संतापली, तेव्हा त्याने शांतपणे समजावलं. "अगं, पानावर मावशी दिसली की ते भजनी मंडळ वाटतं. पॉपस्टार एकटाच असतो. आभाळातून पडलेला असतो. लोकांना तेच आवडतं." मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्या धंद्यात होतो त्याचं सगळं मर्म त्याने चार वाक्यांत सांगितलं. आणि मला पहिल्यांदाच लाज वाटली. कारण तो हात पुसला गेला, तेव्हा तो माझ्या खांद्यावरचाही हात होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान गच्च भरलं. लोकांना पानावरची सपना हवी, म्हणून अण्णांनी मला पुन्हा तिच्या अंगावर चढवलं आणि मागे चिमटे ठोकले. "लोकांना पाठ दाखवू नको, बाय," ते म्हणाले. "तेवढा सांभाळ." सपनाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून ठकीमावशी बसली होती. येणार नाही म्हणालेली मावशी आली होती. शेजारणीला ती मोठ्याने सांगत होती, "जलमजात गाणारी कशी आसते, ती बगाया आले."

पहिलं गाणं टाळ्यांत पार पडलं. दुसरं सुरू होताना सपनाने हात वर करून वाद्यं थांबवली.

"जाहिरातीत छापलाय, मला कोणी शिकवला नाय," ती म्हणाली. "ते खोटा हाय. शिकवणारी समोर बसली हाय. मावशी, वर ये."

मावशी ढिम्म हलली नाही. मैदान चुळबुळू लागलं. शैलेश बाजूने गाणं चालू करायच्या खुणा करत होता. माझ्या आत सपनाचं काळीज इतकं धडधडत होतं की एक चिमटा सटकेल अशी मला भीती वाटली.

मग तिने डोळे मिटले आणि नुसती एक ओळ गायली : "माज्या गो भावाच्या अंगणी सांडली." आणि थांबली.

तुम्हाला सांगतो, ही ओळ म्हणजे उत्तर आहे. त्यांच्या गाण्यात एकीने प्रश्न विचारायचा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. लहानपणापासून प्रश्न मावशीचा आणि उत्तर सपनाचं. आता उत्तर मैदानावर एकटंच उभं होतं. सपनाने तीच ओळ पुन्हा गायली, पुन्हा थांबली. घरात असो की मांडवात, अर्धं गाणं सोडायचं नाही ही मावशीची शिस्त. तिने हाताची घडी सोडली, परत घातली, पदर सारखा केला. तिसऱ्या वेळी तिला राहवेना.

"कोनाच्या गो अंगणी हळद सांडली?"

खुर्चीतूनच, माईकशिवाय. तो आवाज शेवटच्या रांगेपलीकडे रस्त्यावर उभ्या रिक्षांपर्यंत गेला. गात गातच ती उठली, पायऱ्या चढून वर आली आणि तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचताना घालतात तसा तिने सपनाच्या कमरेमागून हात घातला. हात चिमट्यांवर पडला.

"ह्या काय गं?" मावशीने विचारलं, आणि आता माईक तिच्या तोंडाशी होता. "दोरीवरचे चिमटे तुज्या पाठीला?"

मैदान खदखदून हसलं. अण्णांनी कपाळाला हात लावला. मावशीने एकेक चिमटा काढून आपल्या कमरेला खोचला आणि मी सैल झालो. मित्रांनो, शिवला गेल्यापासून मी पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. पाड्यावरच्या बायका वर चढल्या, कोणीतरी खरा, भोपळ्याचा तारपा आणला होता तो वाजू लागला, आणि फेर धरला गेला. फेरात पाठ लपवता येत नाही. सपना वळली आणि माझी चौकटी-चौकटीची पाठ सगळ्या मैदानाने पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून एक रिक्षावाला ओरडला, "अरे, ही तर आपली सीट हाय!"

आणि शिट्ट्यांचा पाऊस पडला. फेर मंचावरून खाली उतरला, खुर्च्या बाजूला सरल्या. एमआयडीसीतून पाळी संपवून आलेले कामगार त्यात शिरले, त्यांना पावलं येत नव्हती, तरी ते नाचले. मावशी प्रश्न विचारत होती आणि हजारभर माणसं उत्तर देत होती. अंधार पडेपर्यंत त्या फेराला पुढची बाजूच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोबाइल-मोबाइलवर माझी पाठ होती. शैलेश धावत आला, नवीन जाहिरात करू म्हणाला. सपनाने आपली अट घातली, आणि ह्या वेळी तो 'बघू' म्हणाला नाही. नव्या पानावर सपना पाठमोरी आहे, तिच्या खऱ्या रंगात. मी तिच्या अंगावर ढगळ लोंबतोय. माझ्या पाठीवर ठकीमावशीचा हात आहे, बांगड्यांसकट. खाली दोनच शब्द आहेत : 'शिकवलं ठकीमावशीने.' ते पान मावशीने घराच्या कुडाला चिकटवलंय. कोणी शिकलेलं माणूस घरी आलं की ती त्याला वाचायला लावते, आणि ऐकलंच नाही असं दाखवून पुन्हा वाचायला लावते.

माझं म्हणाल, तर अण्णांनी मला काचेत टांगलंय, पाठ रस्त्याकडे करून. येणारे-जाणारे रिक्षावाले मला हॉर्न देतात. मित्रांनो, एकच विनंती आहे. माझ्यासारख्याला घडी घालू नका, भेगा पडतात. टांगून ठेवा, अधूनमधून खोबरेलाचं बोट फिरवा. आणि पानावरचा एकटा चेहरा आवडला तर खुशाल आवडू द्या, पण त्याच्या खांद्यावर कोणाचा हात होता, तेही एकदा विचारा.

हल्ली गायकांची रांग लागते. सगळ्यांना ढगळ कोट हवा, पाठमोरा फोटो हवा. परवा तर रूपेश स्वतः आला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, पाठीवर हात ठेवायला एखादी मावशी मिळेल का?"

त्याच संध्याकाळी अण्णांनी काचेवर, माझ्या अगदी शेजारी, पाटी लावली : 'कोट भाड्याने मिळेल. मावशी ज्याची त्याने आणावी.'