तीन आठवड्यांसाठी नेलेला ताबो

मित्रांनो, मी एक जुना ताबो आहे. बादलीतून पाणी घ्यायचे दांड्याचे प्लास्टिकचे भांडे म्हणजे ताबो. तुम्ही मला सरळ टमरेल म्हणाल. म्हणा, पण हसू नका. आमच्या इलोइलो शहराच्या बाजारात जोव्हेलिनच्या आईने मला दहा जणांतून निवडले आणि परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत कोंबले. "तिकडे म्हणे सगळं कागदावर भागवतात. तू तरी माणसासारखी राहा," ती म्हणाली. असा मी विमानात बसलो. मला त्याचा फार अभिमान होता.

विनिपेग या दूरच्या बर्फाळ शहरात एका तळघरात जोव्हेलिनचा नवरा डिंडो आधीपासून राहत होता. त्याला तिथे कायमचे राहता येत होते, तिला नाही. म्हणून त्याने बायकोसाठी सरकारकडे अर्ज केला. त्यात तिच्या आठ वर्षांच्या लेकीचे, मिकाचेही नाव होते. मिकाचा बाप वारला होता. ती आजीकडे राहून वाट बघत होती आणि फोनवर डिंडोला पापा म्हणू लागली होती. पत्रे यायला डिंडोने आपलाच ईमेल दिला. एका घरात दोन पत्ते कशाला, असे तो म्हणाला. जोव्हेलिनला ते प्रेमाचे वाटले. मलाही वाटले.

अर्ज चालू असेपर्यंत तिला कामाचा परवाना मिळाला. गावाकडे ती सुईण होती, इथे वृद्धाश्रमाच्या चादरी धुऊ लागली. घरी आली की भेगा पडलेल्या हातांवर माझ्यातून कोमट पाणी ओतायची आणि म्हणायची, हा ताबो नसता तर मी टिकले नसते. लग्न खरे आहे ना, हे अर्ज तपासणारे साहेब विचारतील म्हणून दोघे उजळणी करत. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कुणाचा ब्रश कुठला. डिंडो मुद्दाम चुकायचा आणि ती मला उगारून त्याच्यामागे धावायची. ते माझे सुखाचे दिवस.

दीड वर्ष असे गेले. मग एके दिवशी डिंडो म्हणाला, उत्तरेला खाणीवरच्या स्वयंपाकघरात तीन आठवड्यांचे काम मिळाले आहे. बॅग भरताना त्याने मलाही मागून घेतले. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण मानांग ओसांग, म्हणजे आपल्या भाषेत ओसांगताई, जिन्यातच थबकल्या.

"तीन आठवड्यांसाठी कुणी ताबो नेतं का गं? आपण तो घर बदलतानाच हलवतो."

"जाऊ दे हो, मानांग. त्या रानात त्याला कोण देणार? मी आणीन दुसरा," जोव्हेलिन म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने मला पुसले आणि त्याच्या शर्टांमध्ये नीट ठेवले.

गाडी वीस मिनिटांत थांबली. बॅग उघडली ती त्याच शहरात, रोवेना नावाच्या बाईच्या घरी. तिथे माझ्यासाठी नवी कोरी बादली आणून ठेवली होती.

दर रविवारी जोव्हेलिनचा फोन यायचा. डिंडो न्हाणीघरात शिरायचा, फोन बेसिनवर ठेवायचा आणि मला बुडवून बादलीत जोरजोरात पाणी ओतायचा. स्वयंपाकघरात फार गोंगाट आहे, काम वाढले आहे, असे तिला सांगायचा. माझ्याच तोंडून तो खोटे बोलत होता आणि मला ते थांबवता येत नव्हते. ती बिचारी सांगायची, मिका विचारते, बर्फ खाल्ला तर चालतो का. अशाच एका रविवारी फोन ठेवल्यावर तो तिथेच उभा राहून पुटपुटत टाइप करू लागला. पत्नीसाठी केलेला अर्ज मी मागे घेत आहे, असे ते वाक्य होते. सरकारचे उत्तर त्याच्याच ईमेलवर आले. त्याने ते पुसून टाकले.

चार महिन्यांनी परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा जोव्हेलिनने कचेरीत विचारले. त्या दिवशी तिचा फोन मंगळवारी आला. डिंडोने सवयीने मला उचलले.

"अर्ज कधीच मागे घेतलास म्हणे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "आणि ते पाणी ओतणं थांबव, डिंडो. आपला ताबो मी पहिल्याच रविवारी ओळखला होता. मला वाटलं, दमून बाथरूममध्ये येऊन बसतोस आणि मला काळजी नको म्हणून सांगत नाहीस."

त्याने मला बादलीच्या काठावर टेकवले.

"मिकाने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय. तिला तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने मला पुन्हा बुडवले आणि ओतले. बादली भरून वाहू लागली, त्याचे मोजे भिजले, तरी तो ओतत राहिला. शेवटी तिनेच फोन ठेवला. दोन महिन्यांनी दाराबाहेर त्याचे बोलणे कानावर पडले. गेली एकदाची ती परत गावाला, असे तो रोवेनाला सांगत होता.

मित्रांनो, माझ्या दांड्याला आता चीर पडली आहे. लवकरच मी कचऱ्यात जाईन. मला जपा असे मी म्हणत नाही, माझ्यासारखे बाजारात पुष्कळ मिळतात. पण कुणी आपले आणि आपल्या लेकराचे राहणे तुमच्या एका सहीवर सोपवले, तर ती सही जपा. आणि नाहीच निभावणार असे वाटले, तर त्या माणसाला तोंडावर सांगा. मी पडलो ताबो. दांडा धरून कुणी ओतले की मला ओतावेच लागते. डिंडोला तर कुणीच धरले नव्हते.