तीन कागदांची रुंदी

आत्याला कुणी ढकललेलं खपत नसे. चाकाची खुर्ची घरी आली त्याच आठवड्यात तिने मागच्या दोन्ही मुठी काढायला लावल्या आणि कपाटाच्या तळाशी टाकल्या. मुठी दिसल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात शिवशिवतात, असं तिचं म्हणणं. लिफ्ट, फाटक, औषधांचं दुकान, सगळीकडे ती स्वतः चाकं फिरवत जायची, आणि मदतीला धावलेल्या माणसाकडे अशा नजरेने बघायची, की तो बिचारा वाट वाकडी करून निघून जायचा.

पाठीचं दुखणं येण्याआधी एकतीस वर्षं आत्याने शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी ती फळ्यावर एकच धबधबा काढायची. देशाच्या दुसऱ्या टोकाचा, सगळ्यात मोठा. वर कठीण खडकाचा पातळ थर, खाली मऊ खडक, पायथ्याशी पाण्याने खणलेलं कुंड. हा धबधबा तिने कधी पाहिला नव्हता. आधी परीक्षांचे पेपर, मग आजीचं आजारपण, मग तिचं स्वतःचं. या वर्षी मात्र ती सरळ म्हणाली, की खांदेही आता कुरकुरायला लागलेत, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही, तेव्हा आत्ताच जायचं. आणि जायचं ते आपल्या हातांनी.

आखणीचं काम भाचीकडे आलं. ती नुकतीच पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेली, आणि आत्याने तिचं नाव लहानपणीच फूटपट्टी ठेवलेलं. तिने घरून सतरा ठिकाणी फोन केले. पहिल्या तीन फोनांतच तिला एक गोष्ट कळली. ‘खुर्ची जाईल का?’ असं विचारलं की माणसं ‘हो’च म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. समोरच्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, एवढंच. एका लॉजच्या मॅनेजरने एकही पायरी नाही म्हणून शपथेवर सांगितलं होतं. खोदून विचारल्यावर म्हणाला, दोन आहेत, पण अगदी छोट्या आहेत, त्या मी धरत नाही.

मोजायला सांगावं तर कुणाकडे टेप नसायची. मग तिने युक्ती काढली. कागद तर प्रत्येक कचेरीत असतो. प्रिंटरच्या कागदाची अरुंद बाजू एकवीस सेंटिमीटर भरते, तिन्हीसांजेला मोजा नाहीतर सकाळी. खुर्ची बासष्ट. म्हणजे दाराच्या चौकटीत तीन कागद शेजारी शेजारी उभे मावले तर खुर्ची मावणार. लोकांना हे एकदम पटलं. मॅनेजर, स्टेशनवरच्या बाई, मोटारवाले, सगळे हौसेने जमिनीवर कागद मांडून फोनवर सांगायचे, ‘मावले हो, चौथ्याचासुद्धा कोपरा मावतोय.’ धबधब्याच्या तिकीटखिडकीवरचे काका तर कागद घेऊन पार खालच्या, धबधबा बघायच्या सज्ज्यापर्यंत जाऊन आले. तीन कागद, वर बोटभर जागा, उतार बेताचा, पायरी एकही नाही. फूटपट्टीने वहीत तिथे ठळक बरोबरची खूण केली.

दोन दिवस रेल्वे आणि एक दिवस मोटार असा प्रवास झाला. स्टेशनवर फळी होती, डब्यात खुर्ची वळायला जागा होती, लॉजच्या न्हाणीघराचं दार तीन कागद आणि चार बोटं होतं. प्रत्येक मुक्कामाला भाचीचा जीव भांड्यात पडायचा आणि आत्या तिला दहापैकी गुण द्यायची. नऊच्या खाली काही आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दोघी तिकीटखिडकीपाशी पोचल्या. पाण्याचा आवाज तिथूनच ऐकू येत होता. काका स्वतः बाहेर आले, कागदवाल्या बाई त्या तुम्हीच का म्हणून हसले, आणि वाट दाखवायला पुढे निघाले.

शेवटचा टप्पा चौदा मीटरचा. गर्दीने एकेकानेच जावं म्हणून दोन्ही बाजूंना कमरेइतके लोखंडी कठडे होते. आत्याने खुर्ची आत घातली आणि हात झटकन वर उचलले. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं कठड्यांच्या खांबांना घासली होती.

फूटपट्टीला क्षणात सगळं कळलं. तिने खुर्ची मोजली होती, ती घरात रिकामी असताना. चाकांच्या कड्या धरणारी बोटं बाहेर येतात, दर बाजूला पाच-साडेपाच सेंटिमीटर. खुर्ची बासष्ट होती, आत्या त्र्याहत्तर होती. लॉजच्या दारांतून आत्या एक हिसडा देऊन, हात मांडीवर घेऊन पार व्हायची; एका हाताचं अंतर ते, कुणाच्या लक्षात आलं नाही. इथे चौदा मीटर होते, आणि उतार.

काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, मागून धरू का, नाहीतर चार माणसं बोलावतो, अलगद उचलून नेतील. आत्याने त्यांच्याकडे ती ठरावीक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ भाचीला ठाऊक होता. घाईघाईने तिने सुचवलं, की मी पुढे जाऊन भरपूर फोटो काढून आणते.

"फोटो मी एकतीस वर्षं बघितलेत," आत्या म्हणाली.

"चूक माझी आहे, आत्या. मी खुर्ची मोजली, तुला नाही मोजलं."

"ते मला बोटांवरून कळलं."

मग ती बराच वेळ कठड्याकडे बघत राहिली, प्रश्न फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे पाठ करून उभी राहायची तशी. शेवटी म्हणाली, "हलवून बघ गं, पक्का आहे का."

फूटपट्टीने दोन्ही बाजूंचे कठडे धरून गदागदा हलवले. हलले नाहीत. आत्याने चाकं सोडली, दोन्ही हातांनी दोन कठडे धरले आणि स्वतःला पुढे सोडलं. वेग वाढला की मूठ आवळायची, थांबली की एक हात पुढे टाकायचा. चाकं नुसती खाली गोल फिरत होती. भाची मागे चालत होती, हात पाठीपासून वीतभर लांब, लावायचा नाही असं मनाला बजावत. चौदा मीटरला अकरा मिनिटं लागली. मागे माणसं खोळंबली होती, पण काकांनी त्यांना जागचं हलू दिलं नाही.

सज्ज्यावर पोचल्यावर आत्याने चष्मा पुसला. तुषार बसून तो पुन्हा धूसर झाला, तिने पुन्हा पुसला. समोर सबंध नदी कोसळत होती. तिने बोट दाखवलं.

"तो वरचा थर बघ. कठीण खडकाचा. अर्धा कडा तोच आहे. मी झाकणाएवढा काढायचे." मग म्हणाली, "एकतीस वर्षं पोरं चुकीची आकृती घोकून पास झाली."

"म्हणजे मला किती गुण?"

"सहा. मलाही सहाच."

दोघी तासभर तिथे होत्या. परत फिरताना आत्याने कठडे धरून ओढून पाहिलं. दोन मीटर चढली, खुर्ची एक मीटर मागे आली. दुसऱ्यांदा तेच. खांद्यांना कंप सुटला होता. तिने कठडे सोडले नाहीत, मान तेवढी किंचित वळवली.

"मुठी आणल्यास ना?"

फूटपट्टीची नजर खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या बॅगेकडे गेली.

"घरून निघाल्यापासून बॅग खुर्चीला एका अंगाला ओढतेय. मला चाकांतून कळतं. काढ त्या."

भाचीने बॅगेच्या तळातून, टॉवेलात गुंडाळलेल्या मुठी काढल्या, पान्याने बसवल्या, पक्क्या झाल्या का ते दोनदा पाहिलं. मग आत्या कठडे ओढू लागली आणि ती मागून जोर लावू लागली. जोर कुणाचा किती, ते मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

वर सपाटीवर आल्यावर ती मुठी काढायला वाकली. आत्याने हात मांडीवर ठेवलेले होते. तळवे लाल झाले होते.

"गाडीपर्यंत राहू दे," आत्या म्हणाली.